सरांच्या घरची भाकरी

"ही आमची आदिलाबादची भाकरी," सर पाहुण्यांना म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हात पिठाने भरलेले. मराठी शाळेतली मास्तरीण, पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास झालेली. सरांनी यातलं काहीच सांगितलं नाही. नावही नाही. सोफ्यावरचे विद्वान हसले. एकाने विचारलं, ठेचा पण करते का?

हे माझ्यावर कोणी लादलं नव्हतं. गाइड मिळवायची ती रीतच होती. विद्यापीठात सरांकडे एकच जागा उरली होती आणि महिनाअखेरपर्यंत गाइडचं संमतीपत्र दिलं नाही तर माझा प्रवेश रद्द होणार होता. मुधोळचा एक सीनियर सगळ्यांना युक्त्या सांगायचा. स्वतः तो कित्येक वर्षं सरांचं गॅस सिलिंडर आणून राह्यला होता, प्रबंधाचं पहिलं प्रकरण अजून व्हायचं होतं.

तो म्हणाला, "ताई, सरांना दुसरीकडं गेलेलं खपत नाही. त्या मॅडमले नाही म्हणून टाका. मंग सरांच्या घरात घुसा."

मॅडम दुसऱ्या विभागात होत्या. त्या गाइड व्हायला तयार होत्या, फक्त दोन पानांचा आराखडा मागितला होता. मी त्यांना नाही म्हणून टाकलं. सरांच्या विद्यार्थ्यांपैकी एकजण त्यांच्या मुलाला शिकवणीला सोडायचा. एकीने न विचारताच आपल्या लेखावर सरांचं नाव टाकलं होतं. मी घरची नवी ज्वारी घेऊन गेले. आमच्याकडे मोठ्या माणसाकडे कामाला जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत. सरांच्या बायकोने पिशवीत हात घालून विचारलं, "थापता येतात ना?" आणि मी पदर खोचला. पुढे दर रविवारी माझ्या गावाहून, बाजारहत्नूरहून, आदल्या रात्रीची बस धरून भाकरी थापायला येत राहिले.

विषय माझ्या डोक्यात पक्का होता. तेलंगण वेगळं झालं, मागून जिल्हा फोडला. मुधोळ निर्मलमध्ये गेलं, आम्ही आदिलाबादेत राहिलो. शिक्षक इकडचे तिकडे वाटले. त्या वाटणीत मराठी शाळांतली पोरं कुठे गेली, हे मला शोधायचं होतं. दर रविवारी मी विषय काढायचे. दर रविवारी सर म्हणायचे, "बघू."

त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी पुन्हा काढला. पिठाच्या हातांनीच. म्हटलं, सर, आज माझा विषय ऐकून घ्या.

सर पाहुण्यांकडे बघून हसले. "त्या शाळा बंदच पडणार आहेत. त्यात काय शोधायचं? तू जा, गरम गरम आण."

माझ्या वर्गात तेव्हा अकरा पोरं होती. ती या माणसाने एका घासात गिळली. वरून तोंड पुसलं.

तव्यावर भाकरी होती. पाणी फिरवलेली, उलटायला आलेली. करपल्याचा वास दिवाणखान्यापर्यंत आला. मी नळाखाली हात धुतले, नखांतलं पीठ काढलं, पिशवी घेतली आणि पाहुण्यांच्या मधून चालत दारापर्यंत गेले.

"अगं, भाकरी!" सर ओरडले.

"जळून राह्यली," मी म्हटलं. "उलटून घ्या."

कोणी उठलं नाही. इतक्या विद्वानांत तव्याला हात लावणारा एक निघाला नाही.

सोमवारी मॅडमकडे गेले. त्यांची जागा भरली होती. त्या म्हणाल्या, पुढच्या खेपेला आराखडा घेऊन या, वाचीन. एवढंच. प्रवेश रद्द झाला. सीनियरचा फोन आला, ताई, माफी मागून टाका, सर मनाचे मोठे आहेत. मी फोन ठेवला.

आता मी रविवारी मराठी शाळांची गावं फिरते. इचोड्यापासून सुरुवात केली. कायमचं कुलूप लागलेल्या शाळेतली पोरं घरी जाऊन शोधते, आईबापांशी बोलते. परीक्षा पुन्हा देईन, आराखडा पुन्हा नेईन. ज्याला ऐकायचंय त्याने खुर्चीवर बसून ऐकावं, मीही खुर्चीवर बसून सांगेन. गाइड मिळो न मिळो, परवानगी मागायला कोणाच्या चुलीपाशी बसणार नाही.