परसात साचलेलं पाणी

पाऊस लागून सहा दिवस झाले होते. सातव्या दिवशी सकाळी मी मागचं दार उघडलं, तर आबा पायरीवर वाकून बसलेले. आबा म्हणजे माझे सासरे. हातात विटेचा तुकडा होता. पाण्याच्या काठाला लागून त्यांनी पायरीवर एक लाल रेघ ओढली होती. तिच्या खालची दुसरी रेघ गढूळ पाण्यातून अंधुक दिसत होती.

"ती खालची कधीची?" मी विचारलं.

"काल सांजनी," आबा म्हणाले. "रातमा चार बोटं चढनं."

आमच्या मागच्या दाराला पाच पायऱ्या आहेत. त्यातल्या दोन बुडाल्या होत्या, तिसरी बुडत होती. मी मनात हिशेब केला, रोज चार बोटं म्हणजे घरात यायला किती दिवस? मग तो हिशेब अर्ध्यातच सोडून दिला, कारण उत्तर नको होतं.

जळगावात मेहरूणच्या बाजूला आमचं घर आहे, जरा सखल भागात. मी शाळेत शिकवते, पण पावसामुळे शाळा बंदच होती. नवरा धुळ्याला नोकरीला, शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. त्यामुळे आठवडाभर घरात मी आणि आबा. सासूबाई गेल्यावर आबा गाव सोडून आमच्याकडे आले, त्याला चार वर्षं झाली होती. त्यांचं गाव शिंदखेड्याच्या बाजूला. तिकडे मुलगी द्यायच्या आधी लोक विहिरीत डोकावून बघायचे. जन्मभर आबांनी एकच विद्या केली, पडलेलं पाणी जाऊ द्यायचं नाही. इथं आल्यावर मागच्या परसात त्यांनी तीच विद्या लावली. प्रत्येक झाडाला खोल आळं, प्रत्येक वाफ्याला उंच बांध. लिंबू, पपई, शेवगा, भरताची वांगी, मिरच्या, कुंपणावर दोडका. उन्हाळ्यात शेजारच्या बागा करपायच्या, आमची हिरवी असायची. माझी एक मैत्रीण फैजपूरची, केळीच्या बागांत वाढलेली. तीसुद्धा बघून म्हणाली होती की असा वाफा बांधणारा माणूस आता मिळत नाही.

तेच बांध आता आबांच्या डोळ्यांपुढं बुडाले होते. काळी जमीन एकदा भरली की पाणी पीत नाही. पाचव्या दिवशीच लिंबाची पानं पिवळी पडायला लागली. आबांनी पाण्यात उतरून फावड्यानं आळी फोडली, बांध फोडले. पण पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात गेलं, बाहेर गेलंच नाही.

"मनी चूक शे," ते त्या दिवशी जेवताना म्हणाले. "पानी धराले शिकनू, सोडाले नही शिकनू."

मी म्हटलं, "आबा, एवढा पाऊस कुणाला ठाऊक होता?" पण त्यांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

पाणी बाहेर का जात नव्हतं, ते मला ठाऊक होतं. मागचा प्लॉट तीन वर्षांपूर्वी एका मारवाडी कुटुंबानं घेतला. त्यांचं धान्याचं दुकान आहे. बंगला बांधताना त्यांनी मुरूम टाकून जागा कमरेइतकी उंच केली आणि आमच्या बाजूला भिंत घातली. पूर्वी आमच्या परसातलं पाणी त्या मोकळ्या जागेतून गटाराला जायचं. भिंत घालताना त्यांनी खालून एक पाईप सोडला होता, एवढं आठवत होतं. तो नेमका कुठं, हे आम्हाला सांगता येत नव्हतं. साध्या पावसात कधी गरजच पडली नव्हती.

सातव्या दिवशी दहाच्या सुमाराला न्हाणीघराच्या जाळीतून पाणी उलटं वर यायला लागलं. बुडबुडे येत होते, वास येत होता. मी जाळीवर फडकी कोंबली, वर पाटा ठेवला. बोअरच्या मोटारीचं बटण बंद केलं. गहू-तांदळाचे डबे ओट्यावर चढवले. नवऱ्याला फोन लावला.

"मी निघतो," तो म्हणाला.

"कसा? पुलावरून पाणी आहे म्हणतात. निघू नकोस."

"मग तुम्ही दोघं..."

"आम्ही बघतो," मी म्हटलं. काय बघणार होते, माझं मलाच माहीत नव्हतं.

फोन ठेवून मागं आले तर पायरीवर आबा नव्हते. ते भिंतीपाशी होते, जिथं परस उताराला आहे, कमरेइतक्या पाण्यात. हातातल्या काठीनं भिंतीच्या बुडाशी पाईपाचं तोंड चाचपत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, डोक्यावर खताची रिकामी गोणी.

मी हाक मारली. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की त्यांना ऐकू जाईना. तेवढ्यात माझी नजर वर गेली. भिंतीला वरून खालपर्यंत तडा गेला होता. आदल्या दिवशी तो केसासारखा होता, आता त्यात अंगठा मावला असता. आणि भिंत मधोमध आमच्या बाजूला फुगली होती, पोट सुटल्यासारखी.

मी तशीच पाण्यात उतरले. पायाखाली चिखल, चप्पल कुठं गेली कळलं नाही. आबांचा दंड धरला.

"चला बाहेर."

"सोड. पाईप एकदाव सापडी ग्या की बठ्ठं पानी जाई."

"आबा, भिंत बघा वर!"

त्यांनी वर न बघताच हात सोडवून घेतला आणि पुन्हा वाकले. तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. पंचवीस वर्षांत त्यांच्यापुढं माझा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला काही झालं तर तुमच्या मुलाला मी काय तोंड दाखवू?" असं काहीतरी म्हणाले, आणि रडायलाच लागले. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. काठी तिथंच सोडली आणि मुकाट्यानं माझ्यामागून आले.

त्यांना कोरडे कपडे देऊन मी छत्री घेतली आणि गल्लीला वळसा घालून मागच्या बंगल्यावर गेले. दार काकीजींनी उघडलं. त्या घरमालक शेठजींच्या आई, वय पंचाहत्तरच्या आसपास. लग्न होऊन राजस्थानातून जळगावला आल्या त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. आमची ओळख होती ती संक्रांतीला तिळगूळ आणि उन्हाळ्यात लिंबं देण्याइतकी. मुलगा आणि सून दुकानावर गेले होते. दुकानाच्या तळघरात पाणी शिरलं होतं, दोघं पोती हलवत होते.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सात दिवस झाले? अरे, आणि आज सांगतेस?"

"तुमच्या बाजूनं पाईपाला चेंबर असेल ना?"

"आहे ना. बांधकाम चालू होतं तेव्हा मी रोज येऊन गवंड्यांच्या डोक्यावर उभी असायची. ये."

घराच्या कडेला एक चिंचोळी वाट होती, पॉलिश केलेल्या फरशीची. तिच्या टोकाशी जाऊन काकीजींनी छत्रीचं टोक एका फरशीवर आपटलं. "हिच्या खाली. झाकण चांगलं दिसत नव्हतं म्हणून मुलानं वरून फरशी बसवून घेतली."

नवीकोरी फरशी. मी म्हटलं, "आधी त्यांना विचारू या."

त्यांनी फोन लावला. तीनदा लावला. कुणी उचलला नाही. मग फोन पदरात गुंडाळून त्या म्हणाल्या, "मी आहे ना घरात. फोड."

मी पहार आणायला घरी गेले, तर आबा बांबू आणि लोखंडी आकडा घेऊन मागं लागून आलेच. त्यांना घरी एकटं ठेवायचीही मला भीतीच वाटत होती, म्हणून नको म्हटलं नाही. पहिले दोन घाव माझे नुसते सरकले. तिसऱ्याला फरशी तडकली. खालचं सिमेंट, मग लोखंडी झाकण. ते उचलून पाहिलं तर आत थेंब नव्हता. पलीकडे कमरेइतकं पाणी आणि इथं कोरडं ठणठणीत. गटाराकडे जाणारा पाईप मोकळा दिसत होता, आमच्याकडून येणारा काळा, मुका.

"आठेच बुजायेल शे," आबा म्हणाले. ते पावसातच पालथे झोपले आणि लांब बांबू पाईपात सारायला लागले. काकीजी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या. "आबाजी, हळू. दम लागतोय तुम्हाला." "नही अक्का, जराक ऱ्हायनं." असं दीड तास. थकले की बांबू मी घ्यायचे. आधी बांबूला मुळांचे झुबके आले, केसांच्या गुंत्यासारखे. आबांनी हातात घेऊन वास घेतला. शेवग्याची मुळं, आमच्याच शेवग्याची. त्यानंतर निळसर प्लॅस्टिकचा कोपरा दिसला. सिमेंटची रिकामी गोणी, बांधकामाच्या वेळी राहून गेलेली. दोन्ही घरांनी मिळून तो पाईप बंद केला होता. मी कोपऱ्याला आकडा अडकवला आणि मागं रेटून ओढलं.

आधी पाईपात घरघर झाली. मग पाणी असं सुटलं की आबांच्या हातातला बांबू उडाला आणि आम्ही तिघंही मागं सरकलो. तपकिरी पाणी, त्यात पानं, मिरच्या, माझी चप्पल. काकीजींनी हात जोडले.

दुपारी चारपर्यंत बुडालेल्या तिन्ही पायऱ्या उघड्या झाल्या. न्हाणीघरातलं पाणी आपोआप खाली गेलं. आबांचा चेहरा सात दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. "मिरच्या देखी येस," म्हणत ते उठले.

"आधी चहा घ्या," मी म्हटलं. खरं तर भिंतीचं पोट माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

चहाला उकळी येत होती. आबा मागच्या दारात चपला घालत होते, त्यांना तेवढाही धीर नव्हता. तेवढ्यात दगडांचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला. मांडणीवरची भांडी वाजली. मी गॅस बंद केला, हे मला पक्कं आठवतं. दाराकडे पाहिलं तर आबा एक पाय चपलेत आणि एक बाहेर, असे चौकट धरून उभे होते. त्यांच्या पलीकडे भिंत नव्हती. विटा, मुरूम आणि चिखल वाफ्यांवर येऊन पडला होता. सकाळी ते ज्या जागी वाकले होते, तिथं ढिगारा माझ्या खांद्याएवढा होता. लिंबाची एक फांदी तेवढी बाहेर होती.

मी त्यांना धरून आत खुर्चीवर बसवलं. चहा तसाच पातेल्यात राहिला.

पुढं एका गवंड्यानं समजावून सांगितलं. पलीकडचा मुरूम पाणी पिऊन फुगला होता आणि भिंतीला इकडे ढकलत होता. आमच्या बाजूच्या पाण्यानं तिला रेटा देऊन उभं ठेवलं होतं. ते पाणी आम्ही काढलं आणि तिचा आधार गेला. म्हणजे सकाळी आबांना काठीनं पाईप सापडून पाणी उतरलं असतं, तर भिंत पडताना ते तिथंच असते.

संध्याकाळी शेठजी आले. भिजलेले, दुकानातून थेट. फुटलेली फरशी आणि पडलेली भिंत पाहून म्हणाले, "निदान विचारायचं तरी!" त्यांचं चूक नव्हतं. मी उत्तर शोधत होते, तोच भिंतीच्या खिंडारापलीकडून काकीजींचा आवाज आला. "मी फोडायला लावलं. तीन वेळा फोन केला तुला. बोलायचं तर माझ्याशी बोल."

ते ढिगाऱ्यापाशी गेले, एक वीट उचलून बाजूला ठेवली. मग हळूच विचारलं, "आबा कुठं आहेत?" आत जाऊन ते आबांच्या पायाशी बसले. "झाकणावर फरशी मीच बसवून घेतली होती," म्हणाले. आबा म्हणाले, "शेवगा मना व्हता." त्यापलीकडे या विषयावर दोन घरांत कधी बोलणं झालं नाही.

पाऊस आणखी दोन दिवस पडला. रस्ता सुटल्यावर नवरा आला. ढिगारा उपसल्यावर लिंबाचं झाड बुंध्यापासून कापावं लागलं. पपया उभ्या होत्या त्या आठवड्याभरात मान टाकून गेल्या. वांग्याचं एकही झाड राहिलं नाही. अळू मात्र चिखलातून माजून वर आलं. आबा महिनाभर मागच्या पायऱ्या उतरले नाहीत. मधूनच, जेवताना नाहीतर पेपर वाचताना, मला विचारायचे, "मी तठे ऱ्हातू तर?" मी विषय बदलायचे. तोच प्रश्न मला शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता यायचा.

नवी भिंत हिवाळ्यात झाली, दगडी, खालून पाणी निघायला भोकं ठेवलेली. काकीजींच्या वाटेतल्या चेंबरवर आता उचलता येईल असं झाकण आहे.

यंदा जुलैत एकदा तिसऱ्या तासाला आभाळ असं दाटून आलं की वर्गात दिवे लावावे लागले. तासाभरानं पाऊस धो धो. मी घरी फोन केला. आबांनी उचलला नाही. पुन्हा केला, पाच वेळा केला. मुख्याध्यापकांना सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षानं निघाले. सगळा रस्ता मी रिक्षाची दांडी धरून बसले होते. घराला कुलूप. मागं परसात कुणी नाही. भिंतीच्या बुडाशी बघायला पाय उचलेना, तरी बघितलं.

मग पलीकडून बोलण्याचा आवाज आला. गल्लीला वळसा घालून गेले. काकीजींच्या त्या चिंचोळ्या वाटेत, वरच्या छज्ज्याखाली, दोघं प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसले होते. झाकण बाजूला केलेलं. दोघंही चेंबरात बघत होते.

"फोन का नाही उचलला?" मी विचारलं. आवाज फाटला होता.

आबांनी खिसा चाचपला. फोन घरीच राहिला होता.

"बेटी, ये, बस," काकीजी म्हणाल्या. "वाहतंय."

राग अजून उतरला नव्हता. तरी मी ओल्या साडीनिशी तिथंच बाजूच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले आणि चेंबरातल्या पाण्याचा आवाज ऐकत राहिले.