डाव्या बाजूचा बिघाड

इअरबड हे यंत्र कुणी शोधलं मला माहीत नाही, पण त्याचा स्वभाव साऱ्या जगात ओळखला तो एकट्या आमच्या निलंग्याच्या दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, लेकीनं वाढदिवसाला इअरबडची डबी पाठवली आणि गणितावरची सगळी माया त्या डबीवर गेली. आता गावात कुणाच्याही बडला शिंक आली की तो दाजींच्या ओट्यावर दाखल होतो.

तपासणी कडक असते. आवाज बारीक येतो म्हटलं की दाजी जाळी उघडून कोरड्या टूथब्रशनं घासायला लागतात. एका रुबाबदार वकिलाला त्यांनी चारचौघांत सुनावलं, "वकीलसाहेब, मशीन बेस हाय. पर हितं सोयाबीन पेरता यील!" एकच बड चार्ज होत असेल तर डबीतली टोकं कापसानं पुसायची. जोडणी तुटत असेल तर फोनमधून नाव काढायचं, बड डबीत ठेवून बटण दाबायचं आणि नव्यानं ओळख करून द्यायची. दिवा लुकलुकला की दाजी चक्क हात जोडतात. पाण्यात पडलेला एक बड त्यांनी तांदळाच्या डब्यात सुकत ठेवला आणि अक्काला सांगायचं विसरले. तो कुकरमार्गे त्यांच्याच ताटात परत आला. "शिजलाय, पर दिवा लागायलाय," एवढंच म्हणून ते पुढं जेवले.

रेणापूरच्या एका लग्नात त्यांचा फोन बड सोडून मांडवातल्या स्पीकरला जाऊन चिकटला. बायकांच्या पंगतीतून अक्का फोनवर हळूच सांगत होती, "वरण लई खारट हाय, नुसती बुंदी खावा." सारा मांडव ऐकत होता, फक्त दाजींच्या कानात शांतता. ते कान दाबून ओरडले, "अगं, मोठ्यानं बोल, काईच येईना!" मग ती मोठ्यानं बोलली. आचारी अजून आमच्याशी बोलत नाही.

संध्याकाळी मात्र नवराबायको ओट्यावर एकच जोडी वाटून ऐकतात. आधी तुरीचे भाव, मग जुनी गाणी. सप्तपदीनंतर बायको डावीकडे बसते, म्हणून अक्का कायम दाजींच्या डावीकडे, आणि डावा बड तिच्या डाव्या कानात, हा दाजींचा नियम. पण अक्काची एकच तक्रार, "ह्यातून काईच येईना." गावाचे बड बरे करणाऱ्याच्या घरातलाच बड मुका! दाजींनी तो घासला, रबर बदललं, शेवटी नवी जोडी आणली. डावा मुका तो मुकाच.

एका संध्याकाळी मी तिथंच होतो. दाजी लोकांना सांगतात तो शेवटचा उपाय त्यांनी घरी केला, अदलाबदल. अक्काचा बड स्वतःच्या कानात घातला. गाणं खणखणीत! आपला बड तिच्या डाव्या कानात घातला. "हे बी गेलं की ओ," अक्का म्हणाली.

दाजींचा चेहरा मला बघवेना. इतकी वर्षं ती डावीकडे बसली, म्हणजे तिचा उजवा कान कायम त्यांच्याकडे. त्यांचा शब्द न् शब्द तिला ऐकू जायचा, मग संशय येणार कुठून? त्यांनी तोच बड अलगद तिच्या उजव्या कानात घातला. अक्का लहान पोरीसारखी हसली, "झालं की दुरुस्त!"

"हाव, झालं," दाजी म्हणाले. "पर उद्या लातूरला जाऊ. मला कान दाखवायचाय. तू बी दाखव लगेहात."

अक्काच्या डाव्या कानाचं आता काही होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्यांदाच एखादा बिघाड दाजींच्या हाताबाहेर गेला.

परवा गेलो तर सवयीनं अक्काच्या डावीकडे बसलो. दाजी लगबगीनं उठले. "तू हितं बस, हितं वारं येतंय," म्हणत त्यांनी मला आपली जागा दिली आणि स्वतः तिच्या डावीकडे जाऊन बसले. आल्यागेल्या प्रत्येकाला ते असंच उठून जागा देतात म्हणे. तिथूनही त्यांचं बोलणं अखंड चालूच होतं. मला राहवलं नाही. "दाजी, तिकडून तिला ऐकू येत नाही."

"ठाव हाय मला. माझं काय, मी रोजचाच हाय. तू कवातरी येतोस."

तेवढ्यात अक्कानं सगळी मान वळवून आपला उजवा कान त्यांच्याकडे केला आणि म्हणाली, "काय म्हणलालाव? पुन्यांदा बोला."