कुसुमला वाचता येतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पोरांना नाही. आता पोटात मावत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

कुसुम माझी धाकटी बहीण. तीन वर्षांची असताना ताप आला अन् तिचे कान गेले, ते कायमचे. बाबा लकडगंजात लाकडाच्या वखारीत हमाल. पण पोरींनी शिकायचंच, हा त्यांचा हट्ट. तिला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. तिथं गळ्याला हात लावून एकेक उच्चार शिकवायचे. चौदाव्या वर्षी पोरगी धडा मोठ्यानं वाचू लागली — आवाज घोगरा, पण अक्षरन् अक्षर बरोबर. बाबा आल्यागेल्यासमोर तिला वाचायला बसवायचे. काय छाती फुगायची त्यांची!

शाळेतल्या बाईंनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं होतं — ती नुसते उच्चार करते, अर्थ तिला लागत नाही. ‘विहीर आटली’ वाचते, पण झालं काय, ते कळत नाही. घरी कुणीतरी रोज जवळ बसून वस्तू दाखवून, करून दाखवून समजवायला हवं. कुणीतरी म्हणजे कोण? मीच की! अन् मी मैत्रिणी सोडून हिच्यापुढे हातवारे करत बसू? राग यायचा मला तिचा. खरंच यायचा.

मग एकदा बाबांनी विचारलं, “काहून वं, इले समजते ना वाचलेलं?”

“हो बाबा, सारं समजते.”

एवढंच बोलले मी. बाबांना वाटलं, झालं शिक्षण. शाळा सुटली. पुढं पारशिवनीकडं तिचं लग्न लावून दिलं.

काही वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. सारखी कुसुमचं नाव घ्यायची. बाबा म्हणाले, “कार्ड टाक वं तिले, वाचता येते तिले.” जावई बांबू तोडायला जंगलात गेलेले, घरी ती एकटी — मला ठाऊक होतं. कुणाला तरी बसनं पाठवा, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मग माझं खोटं उघडं पडलं असतं. मी कार्ड लिहिलं अन् टाकून आले.

जावई परतल्यावर कुसुमनं ते त्यांना वाचून दाखवलं — ‘आई फार आजारी आहे, लगेच ये’ — हसत हसत. ताईचं कार्ड आलं म्हणून खूश होती हो ती! हे त्यांनी मला एकटीला सांगितलं. दोघं धावत आले, तोवर आईला स्मशानात नेलेलं होतं.

“वाचून बी आली नाही,” बाबा म्हणाले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी तिला जवळ केलं नाही. ती समोर आली की तोंड फिरवायचे. मी तिथंच असायचे, गप्प.

कुसुम अजून येते, माझ्या गळ्यात पडते. बाबा आपल्यावर कशासाठी रुसले होते, हे तिला आजही ठाऊक नाही.