ढवळीतली हवा

पुणे-सोलापूर रस्त्यावरून धावणाऱ्या प्रत्येक चाकाचा मागचा-पुढचा इतिहास ज्याला ठाऊक होता असा माणूस एकच होऊन गेला, आणि ते म्हणजे आमच्या वर्गातल्या सुनंदाचे मामा. पळसदेवच्या फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बाभळीचे डांब, वर पत्रा, पुढ्यात पाण्यानं भरलेलं अर्धं कापलेलं पिंप, आणि चहूकडे ट्यूबा. मामा ट्यूब पाण्यात बुडवत, बुडबुड्यांकडे बघत राहत आणि जोशीबुवांनी पत्रिका बघून हलवावी तशी मान हलवत. एकदा वरकुट्याचा एक ट्रॅक्टरवाला आला. मामांनी ट्यूब दाबली, कान लावला आणि त्याला विचारलं की घरातनं भांडून निघाला होतास काय. तो गडी असा काही ओशाळला की पंक्चर काढून होईपर्यंत उन्हातच उभा राहिला. मला हसू आलं होतं. मी तेव्हा नुकताच आलो होतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. आम्ही डिझाइन शिकत होतो, म्हणजे नेमकं काय शिकत होतो हे आमच्या आईबापांनाही सांगता येत नसे. शेवटच्या वर्षाला सरांनी फर्मावलं की एखादा लवचीक पदार्थ घ्या, त्याच्याशी खेळा आणि रोजच्या वापराची नवी वस्तू करून आणा. कुणी वेत घेतला, कुणी लोकरीचा नमदा. सुनंदा म्हणाली, माझ्या मामाकडे जुन्या ट्यूबांचा डोंगर आहे. झालं. सुनंदा, दिलीप आणि मी असे तिघे बारामतीजवळ कन्हेरीला तिच्या घरी मुक्काम ठोकून बसलो. रोज सकाळी भाकरी बांधून घ्यायची, एसटीनं भिगवण गाठायचं आणि तिथून फाटा. सुनंदानं डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायांसाठी ट्यूबच्या पट्ट्यांची चुंबळ करायला घेतली, दिलीपनं दप्तर, आणि मी बाभळीच्या चौकटीवर रबर ताणून बसायची बैठक.

मामांच्या घरी दोन पिढ्या मेंढरं होती. धरणाचं पाणी आलं, गाव गेलं, कुरणं गेली, मेंढरंही गेली. पण मामांच्या हाताची सवय काही गेली नाही. ते ट्यूबांवर गेरूनं खुणा करत, मेंढराच्या पाठीवर करतात तशा. प्रत्येकीला नाव. उन्हं कलली की मोजून आत घेत आणि एखादी कमी भरली तर रस्त्यापर्यंत जाऊन हाक मारून येत. ती सापडे, हेच मला आवडत नसे. कुठल्या तरी ट्रकच्या मागनं घरंगळत आल्यासारखी ती रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी पडलेली असे आणि मामा तिला खांद्यावर टाकून, रागावत, घेऊन येत.

रबराबद्दल त्यांचा एकच सिद्धान्त होता. ‘‘रबर इसरत न्हाय, पाव्हणं. तुमी कायबी करा, ते गोल जल्माला आलंय.’’ आम्ही पुस्तकं वाचलेली पोरं. आम्ही ट्यूब कापून सपाट केली, दगडाखाली दाबली, खिळे ठोकले. भर दुपारी, रस्ता ओस पडलेला असताना, खिळा सुटल्याचा बारीक आवाज येई आणि बघावं तर तुकडे एकेक करून पुन्हा वळलेले. उन्हानं रबर वळतं हे मलाही माहीत आहे. पण सगळ्या तुकड्यांची तोंडं धरणाच्या पाण्याकडे का असत, ते उन्हानं मला अजून सांगितलेलं नाही.

दिलीपचं तर हसंच झालं. दुकानामागच्या कडुलिंबाला चार ट्यूबा वेगळ्या टांगलेल्या होत्या, त्यांना हात लावू नका असं मामांनी बजावलं होतं. दिलीप हा, नको म्हटलं की तेच करणारा प्राणी. त्यानं त्यातल्याच एकीचं सुंदर दप्तर शिवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर आतून ओलं. दव पडलं असेल म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्यानं ते कन्हेरीच्या घरात माळ्यावर ठेवलं, तरी ओलं, आणि तळाशी बोटभर गाळ. शेवटी निमूटपणे मामांपुढे नेऊन ठेवलं. मामा म्हणाले, ज्या गाडीची ही ट्यूब ती गाडी कालव्यात चार दिवस पडून होती, तिला अजून वाटतंय आपण पाण्यातच हाय. मग त्यांनी ते दप्तर उन्हात टांगलं आणि समोर बसून तासभर त्याची समजूत घातली. ते वाळलं. दिलीपनं त्यात वही मात्र कधी ठेवली नाही.

आता ढवळी. मामांच्या बाजेच्या वर, आढ्याला एक मोठी, हवा भरलेली ट्यूब टांगलेली असे. कोळशासारखी काळी, आणि नाव ढवळी. त्यांच्या वडिलांच्या कळपात पुढं चालणारी मेंढी होती, तिचं नाव. तिला ते रोज पावडर लावत, तान्ह्या बाळाला लावावी तशी, आणि अंगठ्यानं दाबून बघत. ही विकायची नाही, कापायची नाही, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. माझा जीव मात्र तिच्यात अडकला होता. तसं जाड, मऊ, सलग रबर सबंध ढिगात नव्हतं. माझ्या बैठकीला तेच हवं होतं.

मार्च महिना असेल. मामांना दम्याचा जोराचा त्रास झाला म्हणून ते इंदापूरला डॉक्टरकडे गेले होते. दिलीप चहाला गेलेला, सुनंदा मागं पट्ट्या कापत होती. दुपारचे बारा. मी बाजेवर चढलो आणि ढवळी खाली घेतली. कापणार नव्हतो, देवाशपथ. फक्त हवा सोडून, सपाट करून, रुंदी मोजणार होतो, म्हणजे तशीच दुसरी शोधता आली असती. हवेचं काय, हवा परत भरता येते. मी व्हॉल्व्हची पिन काढली.

हवा निघाली ती बराच वेळ निघत राहिली. तिला वास होता. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, आणि चुलीतल्या धुराचा. सुनंदा मागनं विचारायला लागली की कुणाची मेंढरं आली. कुणाचीच आली नव्हती. मी घाईघाईनं पिन बसवली, कॉम्प्रेसर लावला, होती तेवढीच हवा भरली आणि ढवळी जागच्या जागी टांगून दिली. हात झाडून वळलो तर खरंच मेंढरं आली होती. भिगवणकडून एक कळप इंदापूरकडे चालला होता, तो दुकानासमोर थांबला. दीडशेक मेंढरं, सगळ्यांची तोंडं दुकानाकडे, आणि एकही ओरडत नव्हतं. मेंढपाळानं शिटी घातली, काठी आपटली, आईमाई काढली. एक हलेल तर शपथ. दोन्ही बाजूंनी ट्रक तुंबले, हॉर्नचा गलका झाला. त्या तुंबलेल्या गाड्यांत इंदापूरहून परत येणारी एसटीही होती. मामा तिच्यातून उतरले आणि मेंढरांच्या डोक्यांवरून हात फिरवत, धापा टाकत, कळपातून चालत आले.

आल्याआल्या त्यांनी ढवळीला अंगठा लावला, मग कान लावला.

‘‘कुणाची हवा भरलीत?’’

‘‘कॉम्प्रेसरची,’’ मी म्हणालो. याहून मूर्ख उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

मामा बाजेवर बसले. थोड्या वेळानं कळप आपणहून चालायला लागला. तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. गाव सोडायच्या दिवशी सामान न्यायला ट्रक आला होता आणि मामा त्यावर क्लीनर होते. वडील रिकाम्या मेंढवाड्यात बसून राहिले, उठेनात. घर नेता येत नाही तर घरचं वारं तरी नेऊ म्हणून मामांनी जादाची ट्यूब अंगणात ठेवली आणि हातपंपानं भरली. पुढे नव्या गावठाणात वडिलांचा प्राण अडकला. तीन दिवस घरघर लागलेली. मामांनी ढवळी त्यांच्या तोंडाशी धरून जराशी सोडली, आणि म्हातारा सुखानं गेला. उरलेली हवा मामांनी स्वतःसाठी ठेवली होती. ज्या उन्हाळ्यात धरण आटून गाव उघडं पडे त्या उन्हाळ्यात पंप घेऊन जायचं, अंगणात उभं राहायचं आणि झिरपून गेलेली तेवढी भरून आणायची. दम्याच्या माणसाला आपलं मरण कसं येणार ते माहीत असतं. शेवटचा श्वास आपल्या दारातला असावा, एवढं एकच त्यांनी मागून घेतलं होतं, आणि ते मी फुस्स करून सोडून दिलं होतं.

मी रडलो. मामा म्हणाले, ‘‘चुकलं न्हाय तुमचं. तुमी रबर बघाया आला, रबर बघितलं.’’ यापेक्षा त्यांनी पाना फेकून मारला असता तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये आमच्या वस्तू कॉलेजात मांडल्या गेल्या. सुनंदाच्या चुंबळीचं कौतुक झालं. माझी बैठक, दुसऱ्याच रबराची, पास झाली. त्यात माझं लक्ष नव्हतं. मी दर आठवड्याला एसटीनं पळसदेवला जात होतो आणि पाणी बघत होतो. मामांचा दमा वाढत चालला होता. दोन वाक्यांमध्ये ते थांबून राहत. पाणी आटायच्या आत ते गेले तर त्यांना कॉम्प्रेसरच्या हवेवर पाठवावं लागणार होतं. बुडालेल्या देवळाचं शिखर दिसलं की अंगण उघडं पडायला महिना, नंदी दिसला की आठ दिवस, असा त्यांचा हिशेब होता. त्या उन्हाळ्यात मी देवाकडे पाऊस लांबू दे असं मागितलं. शेतकऱ्यांच्या मुलखात बसून मागितलं, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

मेच्या शेवटी नंदी दिसला. आठव्या दिवशी आम्ही दोघं निघालो. कॉम्प्रेसरची हवा काढून टाकलेली ढवळी माझ्या गळ्यात, पंप माझ्या हातात, मामा काठी टेकत पुढे. भेगाळलेल्या गाळावर शिंपले आणि माशांचे काटे, आणि कुठेकुठे जोत्याचे दगड. वारा बिलकूल नव्हता. मामा गल्लीतून चालावं तसे चालत होते, इथे वळत, तिथे अंग चोरत, मोकळ्या गाळात. एका ठिकाणी ते थांबले, खाली वाकले आणि पुढे गेले. मी सरळ त्यांच्यामागे गेलो.

‘‘भितीतनं कुठं येताय, पाव्हणं? दारातनं या.’’

मी मागे फिरलो, त्यांनी दाखवलेल्या उंबऱ्याच्या दगडावरून आत गेलो. वाकायचं असतं हे मला सुचलं नाही. त्या संध्याकाळी माझ्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. ऊन लागलं असेल, असं सुनंदाची आई म्हणाली. मीही तेच म्हणतो.

मामांना पंप मारवेना, मी मारला. घाई केली की बाहेरचं वारंही आत येतं म्हणून हळू मारायचा. शंभरेक वेळा दांडा खालीवर झाला असेल. ढवळी फुगत आली तशी मामा उखळापाशी जाऊन बसले आणि कुणाशी तरी पाऊसपाण्याचं बोलायला लागले. मी तिकडे बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही. मध्येच पंप हलका झाला, आपोआप चालल्यासारखा, जणू दांड्याला माझ्याशिवाय आणखी कुणाचा तरी हात होता. निघताना मामांनी ढवळी दाबून पाहिली, कान लावला आणि किती तरी महिन्यांनी हसले.

‘‘भरली,’’ म्हणाले. ‘‘समदी हायती आत.’’

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मामा गेले. मी मुंबईत नोकरीला लागलो होतो, मला उशिरा कळलं. सुनंदानं पत्रात लिहिलं की पिन तिनंच काढली. मामांनी एक मोठा श्वास घेतला, सबंध, दमा नसल्यासारखा, आणि तो सोडलाच नाही. त्या दिवशी रस्त्यानं एकही कळप गेला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या अंगणभर लेंड्या होत्या, त्या तिच्या आईनं झाडून काढल्या, असंही तिनं लिहिलं होतं.

पत्रापाठोपाठ पार्सल आलं. त्यात ढवळी होती, आणि चिठ्ठी: ‘तुला रबर हवं होतं ना.’ मामांनीच तसं सांगून ठेवलं होतं. मी ती अजून कापलेली नाही. कामाच्या खोलीत टांगली आहे, तिच्यात हवा नाही, तरी ती गोलच राहते. लोक विचारतात तेव्हा मी जुनी ट्यूब आहे एवढंच सांगतो. माझ्या खोलीचं दार चांगलं सात फूट उंच आहे. आत जाताना मी वाकतो.