देव्हाऱ्यातली विलायती चांदी

भाऊबीजेला आत्या आली आणि चहाच्या आधीच तिने रुमाल माझ्यापुढे सोडला. आत आमच्या देव्हाऱ्यातली जुनी नाणी होती. मी इंग्लिश मीडियमची, तेव्हा त्यांच्यावर काय लिहिलंय ते मीच वाचायचं, असं तिने ठरवलं होतं.

पणजोबा पलटणीत होते. लढाईवरून परतताना त्यांनी ही नाणी आणली आणि घराने ती लक्ष्मी म्हणून पुजली. दर दिवाळीला चिंच लावून घासून अक्षरं पार झिजली. पारनेरकडच्या रानावरचा हक्क आत्याने सोडला, तेव्हा पप्पांनी हीच चांदी तिच्या ओटीत घातली. भावकीने त्यांचं कौतुक केलं. त्या रानातल्या कांद्यावर माझी फी भरली गेली.

आता आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलीसोबत देवाची विलायती चांदी येणार, असं आत्याने व्याह्यांना सांगून ठेवलं होतं आणि ते ती कुठली म्हणून विचारत होते. सोनाराकडे जायचा प्रश्नच नव्हता. देवाची चांदी आमच्याकडे कसाला लावत नाहीत.

मी मोबाईलचा टॉर्च आडवा धरला. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरं थोडी उठून दिसतात. कागद ठेवून वर पेन्सिल फिरवली. काही नाण्यांवर लिरा उमटलं. ती फ्रीजवरच्या लोहचुंबकाला चटकन चिकटली. उरलेल्यांवर टी, आर, ए, एम. त्यांच्या कडेला, सोनार पारखायला पाडतो तशी, कानशीची बारीक खाच होती, आत पिवळं पितळ. बाकी नाणं गुळगुळीत, खाचेची धार मात्र बोटाला लागत होती.

पप्पा दारात उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"ही इटलीची स्टीलची चिल्लर आहे, आत्या," मी म्हणाले. "आणि ही ट्रामची टोकनं. तिकिटासारखी. चांदी नाही यात."

आत्याने एक टोकन उचललं, खाचेवर अंगठा फिरवला.

"ही खाच म्या न्हाई पाडली," ती पप्पांना म्हणाली. "तू सोनाराकडं गेल्ता व्हय? वटीत घालायच्या आदी?"

"आक्का, सणासुदीचं कशाला," पप्पा म्हणाले. "देवाचं हाय ते."

मग पाट मांडला गेला. आत्याने त्यांना टिळा लावला, ओवाळलं. त्यांनी ताटात साडी ठेवली आणि वाकून तिच्या पाया पडले, दरवर्षीसारखे.

मम्मीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "चांदी हाय म्हणायला तुझं काय जात होतं? लग्न तरी सुखानं झालं असतं तिच्या पोरीचं."

ओवाळणीचं ताट आत ठेवायला आलेली आत्या मम्मीच्या मागेच उभी होती. तिने ताट ओट्यावर ठेवलं, साडी उचलून मम्मीच्या हातात दिली आणि चपला घालायला बाहेर गेली.