इंजिनाला जोडलेली नवी नळी

लालबागच्या मिरचीच्या चक्कीतली ती दुपार अजून माझ्या मनातून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यांतले बरेचसे विसरलो. या प्रकरणात खून नव्हता, दरोडा नव्हता, कुणाला शिक्षाही झाली नाही. तरी म्हातारपणी झोप लागत नाही तेव्हा हेच आठवते. त्यातली माणसे आता हयात नाहीत. पण नावे मी लिहिणार नाही.

अठराशे नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि शहरात प्लेग होता. तपासणीच्या टोळ्या चाळीचाळींतून फिरत आणि अंगात ताप असलेला माणूस सापडला की त्याला उचलून इस्पितळात नेत. गेलेला परत येत नाही अशी लोकांची समजूत होती, आणि खरे सांगायचे तर ती अगदीच खोटी नव्हती. त्यामुळे लोक आजारी माणसे लपवत. एका बाईने तर तापाने फणफणलेल्या सासऱ्याला सोवळे नेसवून देवापुढे जपाला बसवले होते. म्हातारा माळ ओढायची सोडून कण्हू लागला, तेव्हा आम्हाला कळले. मी त्या वेळी चौकीवर जमादार होतो. टोळीबरोबर शिपाई द्यायचे आणि दारात दंगा होऊ द्यायचा नाही, एवढेच आमचे काम. लोक मात्र आम्हालाच यमदूत म्हणत.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच स्मशानातल्या डॉक्टरांचा पट्टेवाला धावत आला. त्या दिवसांत प्रेत तपासल्याशिवाय दहन करू देत नसत.

"जमादारसाहेब, डॉक्टरांनी एक मढं अडवून ठेवलंय," तो म्हणाला. "गाठ नाय, जखम नाय, आणि तोंड बघा तर लालबुंद. जिता माणूस झोपलाय असं वाटतं."

मी गेलो. तिरडीवर विशीतला एक तरुण होता. शेजारी त्याचा थोरला भाऊ मान खाली घालून उभा होता. हा भाऊ लालबागेत मिरची-मसाला दळणाऱ्या एका चक्कीवर मिस्त्री होता. मूळचा मालवणकडचा, आधी गिरणीच्या इंजिनघरात हात काळे केलेला. आपल्याकडे मयताला आलेल्या माणसांना पोलीस दिसला की बरेच काही आठवू लागते. एका शेजाऱ्याने मला बाजूला घेतले.

"दोघा भावांचं कडाक्याचं वाजलं होतं, साहेब. धाकटा म्हणत होता, मला गावाला जाऊ दे. थोरला म्हणाला, चक्कीमागच्या या कोठीतून पाय बाहेर टाकलास तर तंगडी मोडीन. त्यानंतर पोरगा कुणाला दिसलाच नाय. एकदम तिरडीवरच दिसला."

प्रेत इस्पितळात पाठवले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितले की याला प्लेग नव्हताच. साधा हिवताप होता. मेला तो धुराने. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसे मरतात, तसा. भांडण झालेले, पोरगा कोठीत कोंडलेला, आणि मरण धुराने. आमच्या साहेबांनी ऐकले आणि म्हणाले, "आता राहिलं काय? खुनाचाच गुन्हा."

मिस्त्रीला चौकीवर आणले. मी प्रश्न विचारण्याआधीच तो म्हणाला, "मीच मारलंय तेका."

"कसा मारलास?"

"मारलंय म्हणजे मारलंय. लिवा तुमी."

माझा अनुभव असा, की खरा गुन्हेगार आधी कानावर हात ठेवतो, मग दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि अगदी शेवटी कबूल होतो. पहिल्याच दमात कबुली देणारा आणि कसे केले ते न सांगणारा माणूस कुणाला तरी पाठीशी घालत असतो, नाहीतर दुःखाने भ्रमिष्ट झालेला असतो. दरडावून उपयोग नव्हता. मी त्याला चहा पाजला आणि इंजिनाविषयी विचारले. कारागीर स्वतःबद्दल बोलत नाही, पण हत्याराबद्दल विचारा, गाडी सुरू होते.

चक्कीचे इंजिन रॉकेलवर चालणारे होते. तसली इंजिने तेव्हा नवीच आलेली. ते सतत धापा टाकी. मिस्त्रीने पाहिले की त्याला हवा पुरत नाही. हवा ओढून घेणारी नळी अरुंद, तिला काटकोनातले वळण, आणि तोंड चक्कीच्याच खोलीत. त्यामुळे इंजिन मिरचीची धूळ गिळी. मिस्त्रीने नवी रुंद नळी केली, वळण गोल केले, आतला खडबडीतपणा कानशीने घासून काढला आणि तिचे तोंड भिंतीतून मागच्या कोठीत काढले. इंजिन एकदम जोमाने चालू लागले. मालक खूश.

"कोठीत का? सरळ बाहेर का नाही काढलंस?" मी विचारले.

तेव्हा त्याचा बांध फुटला. भाऊ गावाहून कामाला आला आणि तापला. तपासणीवाले नेतील म्हणून त्याला कोठीत लपवले. कोठीचे दार कायम बंद; गल्लीच्या बाजूला एक झरोका होता, पण आत वारा फिरत नसे. पोरगा घामाने भिजून जाई.

"इंजिन चालला की नळी कोठीतली हवा ओढता," मिस्त्री म्हणाला. "मगे झरोक्यातसून ताजी हवा आत येता. तेच्या अंगावरसून वारो जाय, साहेबानू. आणि नळीचो आवाज इतको मोठो, की तेचो खोकलो कोणाक आयकाक येय नाय."

भांडणाचा उलगडाही झाला. पोराला गावी जायचे होते, पण बंदरावर उतारूंना तपासत होते. बोटीवर चढण्याआधीच पकडला गेला असता, म्हणून थोरला त्याला सोडत नव्हता, आणि आता आपणच त्याला कोंडून मारले असे त्याला वाटत होते. एका नळीने इंजिनाला दम दिला होता, भावाला वारा दिला होता, आणि दोघांचे गुपितही राखले होते. एवढ्या अकलेचा माणूस भावाला धुरात कोंडून मारील हे मला पटेना.

मी त्याच्या बायकोला विचारले. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा दीर रांगत होता. सासू लवकर गेली. पोराला हिनेच वाढवले. ती कोरड्या डोळ्यांनी बसली होती. कोठीत शेगडी होती का, असे विचारल्यावर म्हणाली, "नाय. धुराक तो खोकता." माणूस गेला तरी तिच्या बोलण्यात तो अजून खोकतच होता. मी पुढचे प्रश्न गुंडाळले आणि उठलो.

मग मी पंच घेऊन चक्कीवर गेलो. मालकाने सांगितले, "पोरगा मेला त्या दुपारी तपासणीची टोळी आमच्याच गल्लीत होती. नेमकं तेव्हाच इंजिन गुदमरायला लागलं. काळा धूर टाकत होतं. मी म्हटलं, बंद कर. मिस्त्री ऐकेना. तेल वाढवून रेटत राहिला. दिवेलागणीपर्यंत जागचा हलला नाही."

कोठीत गेलो. झरोक्याच्या चौकटीला ओल्या शेणाचे ताजे ओरखाडे होते, त्यांत गोणपाटाचे धागे अडकलेले. मी इंजिन सुरू करायला लावले आणि एक उदबत्ती पेटवली. तिचा धूर झरोक्याकडून सरळ नळीकडे ओढला जात होता, मिस्त्री म्हणाला होता तसाच. मग मी दार लावून घेतले आणि झरोक्यावर गोणपाट लावून कडा शेणाने लिंपायला सांगितल्या. थोड्या वेळात इंजिन धापा टाकू लागले, आणि फरशीच्या फटींतून काळपट धूर वर येऊ लागला. इंजिनाचा जळका धूर गटाराकडे नेणारी नळी या कोठीच्या फरशीखालूनच गेली होती आणि तिचे सांधे सैल होते. झरोका उघडा होता तोवर इंजिन ताजी हवा घेई. तो बंद होताच त्याने आपलाच धूर फटींतून वर कोठीत ओढला, आणि तेल वाढवले तसा तो विषारी धूर वाढतच गेला. मधे तापाने ग्लानीत पडलेला पोरगा होता.

मिस्त्री आत दाराशी उभा राहून पाहत होता. "झरोको मीच बंद केलंय," तो म्हणाला.

"तू तर इंजिनापासून हलला नव्हतास."

शिपायांना आणि पंचांना मी बाहेर पाठवले, तेव्हा त्याने माझे पाय धरले. टोळी गल्लीत आली, खोकला बाहेर ऐकू जाईल, म्हणून बायकोने झरोका लिंपला असणार, हे त्याला त्या क्षणी कळले होते. आणि टोळी जाईपर्यंत नळीचा आवाज थांबू नये म्हणून आपणच तेल वाढवत राहिलो, हेही कळले होते.

"माका फाशी देवा," तो म्हणाला, "पण तिका ह्या कळाक देव नकात. तिना तेका पोटच्या पोरासारखो वाढवल्यान. ती जगूची नाय."

मी त्याला उठवले. तिला कळणार नाही, असा शब्द दिला.

संशयास्पद मृत्यूंचा निवाडा करणाऱ्या कॉरोनरसाहेबांपुढे चौकशी झाली. मिस्त्रीने बायकोला बाहेरच बसवले होते; इंजिन, नळी, झरोका, सगळे मी सांगितले. झरोका घरच्या माणसांनी बंद केला, एवढेच म्हणालो. कोणी, असे साहेबांनी विचारताच मिस्त्री मोठ्याने म्हणाला, "मी." पुढे कुणी खोदून विचारले नाही आणि मीही होऊन बोललो नाही. अपघाती मृत्यू ठरला. पोराला प्लेग नव्हताच, तेव्हा रोगी लपवल्याचा खटलाही झाला नाही. इस्पितळवाल्यांनी त्याला नेला असता, तर हिवतापावरच्या कोयनेलच्या चार पुड्या देऊन घरी पाठवला असता, असे मोठे डॉक्टर मला म्हणाले. हे मात्र मी त्या घरात कधी सांगितले नाही.

कोर्टाबाहेर मिस्त्री सही-अंगठ्यासाठी मागे राहिला होता. त्याची बायको पायऱ्यांवर एकटी उभी होती. मी जवळून जाताना ती हळूच म्हणाली, "जमादारानू, तुमका एक सांगूचा हा."

मी थांबलो.

"दिवो लावूक गेलंय तेव्हा गोणपाट मी काढलंय. आतसून धूर भायर इलो. तेव्हाच माका कळला." पदराचे टोक तिने मुठीत घट्ट धरले होते. "ह्यांका सांगू नकात. ह्यांका वाटता माका कायएक ठावक नाय. तेच्यावरच ते दोन घास खातत."

नाही सांगणार, एवढे मी म्हणालो तोच मिस्त्री बाहेर आला. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याच्यामागून चालू लागली. काही पावले गेल्यावर त्याने मागे वळून पाहिले, ती येते आहे ना म्हणून.

पोलिसाला सत्य बाहेर काढायला शिकवतात. बाहेर काढलेले सत्य कुणाच्या पदरात घालायचे, हे मला कुणी शिकवले नाही, आणि या प्रकरणानेही ते पुरते शिकवले असे म्हणवत नाही. एवढे शिकलो, की गुन्हा करणाऱ्यापेक्षा माया करणाऱ्याच्या हातून झालेल्या घाताचा तपास जड असतो. तिथे गुन्हेगार मिळत नाही आणि दुःखाला धरायला कुणाची गचांडीही सापडत नाही.

ती दोघे पुढे पुष्कळ वर्षे परळच्या एका खोलीत राहिली. मी अधूनमधून जात असे. ती चहा करी, तो इंजिनाच्या गोष्टी सांगे, पोराचा विषय कुणी काढत नसे. दोघांना दिलेला शब्द मी दोघांच्या मरणापर्यंत पाळला. पण कधीकधी वाटते, त्या दिवशी पायऱ्यांवरच दोघांना समोरासमोर उभे करून बोललो असतो, तर निदान ती दोघे एकदा तरी एकमेकांच्या गळ्यात पडून रडली असती.