आजींना घातलेली प्रदक्षिणा

“आजींना उभं करायचं नाही! नाइन! नाही म्हणजे नाही!” आमच्या लॅबमधले हे जर्मन गृहस्थ असे ओरडले, की निम्म्या इंगोलश्टाट शहरातल्या गाड्यांचे अलार्म वाजले असावेत.

आजी म्हणजे इजिप्तची ममी. संग्रहालयाने ती एक्स-रे काढायला आमच्याकडे पाठवली होती. आमचं मशीन गाड्यांच्या इंजिनाचे भाग उभे करून गरगर फिरवतं, तेव्हा साहेब सहज म्हणाले, “पट्ट्याने बांधा, दहा मिनिटांचं काम.”

“आल्झो, म्हणजे एक हाड निखळलं तर?” हे गृहस्थ कडाडले. “शरीर अखंड राहिलं तरच मेल्यावर पुढे जगता येतं, म्हणून त्यांच्या माणसांनी त्यांना मिठात वाळवलं, कापडात गुंडाळलं. आणि तुम्ही मिक्सरला लावताय!”

एरवी हा माणूस इंजिनाच्या ब्लॉकलासुद्धा “जरा सोसा हं” म्हणून हात लावतो. शनिवार-रविवार घरी न जाता त्यांनी अख्ख्या गाड्या तपासणाऱ्या दोन रोबोंना नवी चाल शिकवली. सोमवारी आजी निवांत पडून राहिल्या, आणि त्या हत्तीएवढ्या यंत्रांनी एक्स-रे काढत त्यांना इतकी हळुवार प्रदक्षिणा घातली, की साहेबांचेसुद्धा खिशातले हात आपोआप बाहेर आले. हाडन् हाड दिसलं, एकही हललं नाही.

नंतर मी विचारलं, “त्या तिकडे जगतायत, यावर खरंच विश्वास आहे तुमचा?”

कॉफीचा कप विसळत ते म्हणाले, “माझा कशाला? त्यांचा होता.”